‘सरकणे’, ‘बसवणे’ आणि पुरावा : कायरोप्रॅक्टिकच्या परिभाषेचे एक परीक्षण

पाठीच्या व मानेच्या दुखण्यावर केवळ हातांनी उपचार करणाऱ्या ज्या पद्धती आज प्रचारात आहेत, त्यांत कायरोप्रॅक्टिक ही सर्वांत अधिक वादग्रस्त ठरली आहे. हा वाद वैद्यकाचा आहे आणि त्याचा निवाडा वैद्यकानेच करावा, असा सर्वसाधारण समज आहे. तो समज अर्धाच खरा आहे. ज्या भागात मोजमाप होऊ शकते तेथे वैद्यकीय संशोधनाने गेल्या काही दशकांत बरेच काम केले असून त्याचे निष्कर्ष पुष्कळ अंशी स्थिरही झाले आहेत. तरीही वाद मिटत नाही. याचे कारण, वादाचा गाभा एका शब्दात आहे. आणि तो शब्द भाषांतरित होऊन मराठीत आला तेव्हा आपल्या भाषेतील एका जुन्या वाक्प्रयोगाने त्याला विनासायास आसरा दिला. या घटनेचे परीक्षण करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हा प्रश्न दूरच्या देशाचा नाही. नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकमेकांस मिळतात. तासन्‌तास चाकामागे बसणारे चालक, ओझी वाहणारे हमाल, वाकून काम करणारे शेतमजूर अशांचा जेथे राबता आहे, तेथे पाठीचे दुखणे हे नित्याचे दुखणे असणार हे उघड आहे. अशा नाक्यांवर हाडवैद्य, भौतिकोपचारतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि अलीकडे ‘कायरोप्रॅक्टिक’ असे नाव लावणारे उपचारक या सर्वांच्या पाट्या शेजारी-शेजारी दिसू लागल्या आहेत. याच शहरात १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि राज्यातील भौतिकोपचाराच्या पदव्या ते देते. दुखणाऱ्या माणसास या सर्वांकडून जे ऐकावयास मिळते, त्यात एक वाक्य समान असते: ‘मणका सरकला आहे.’ प्रस्तुत लेखाचा विषय हे वाक्य होय.

प्रथम नावाचा विचार करू. ‘कायरोप्रॅक्टिक’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थांच्या दोन पदांपासून १८९० च्या दशकात अमेरिकेत बनविला गेला. इंग्रजीतील ‘सर्जरी’ हा शब्दही ‘हात’ याच अर्थाच्या त्याच ग्रीक पदापासून, मधल्या फ्रेंच रूपातून, उतरला आहे. म्हणजे शल्यचिकित्सा आणि कायरोप्रॅक्टिक ही व्युत्पत्तीने भावंडे ठरतात. तथापि एकीला विज्ञानाची मान्यता आहे आणि दुसरीला ती अंशतःच आहे. व्युत्पत्तीने प्रतिष्ठा सिद्ध होत नाही, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

या पद्धतीचा जनक डॅनियल डेव्हिड पामर हा मूळचा चुंबकीय उपचार करणारा गृहस्थ होता. १८९५ साली आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे हार्वे लिलार्ड नावाच्या बहिऱ्या माणसाचा पाठीचा एक मणका आपण जागेवर बसविला आणि त्यास ऐकू येऊ लागले, असा त्याचा दावा होता. श्रवणाची नस मेंदूतून थेट कानाकडे जाते, पाठीच्या कण्यातून नव्हे. त्यामुळे हा दावा शरीररचनेच्या दृष्टीने आरंभापासूनच अडचणीचा होता. परंतु पामरने त्यावरून एक सर्वव्यापी सिद्धान्त उभारला. १९१० च्या आपल्या ग्रंथात त्याने शंभरांतील पंचाण्णव रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे असे मांडले. या कल्पित स्थानभ्रंशास त्याच्या संप्रदायात ‘सब्लक्सेशन’ हे नाव रूढ झाले.

हे नाव नवे नव्हते. लॅटिनमधील ‘लक्सेशन’ म्हणजे सांधा निखळणे. त्यास ‘उप’ या अर्थाचा उपसर्ग लागून झालेले पद म्हणजे अर्धवट निखळणे. अस्थिवैद्यकात ते आजही याच अर्थाने वापरतात आणि अशी निखळण क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. कायरोप्रॅक्टिकने शब्द तोच ठेवला, परंतु अर्थ बदलला. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या पद्धतीच्या शिक्षणाविषयी आणि सुरक्षिततेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतील परिभाषासूचीत हा भेद स्पष्टपणे नोंदविला आहे. कायरोप्रॅक्टिकच्या अर्थाने सांध्याचे पृष्ठभाग एकमेकांस लागूनच असतात आणि केवळ ठेवण, हालचाल वा कार्य बिघडते. वैद्यकाच्या अर्थाने मात्र प्रत्यक्ष स्थानभ्रंश असावा लागतो. एका शब्दाचे दोन अर्थ होणे ही भाषेतील नित्याची घटना आहे. येथे चिंतेची गोष्ट अशी की, दुसऱ्या अर्थाचा शब्द पहिल्या अर्थाची विश्वासार्हता घेऊन वावरतो.

या शब्दाच्या आयुष्यात न्यायालयांचा वाटा मोठा आहे. पामर स्वतः १९०६ साली परवान्यावाचून वैद्यक केल्याबद्दल तुरुंगात गेला. पुढील वर्षी विस्कॉन्सिनमधील ला क्रॉस येथे शेगातारो मोरिकुबो या जपानी वंशाच्या उपचारकावर खटला झाला. बचावाचा मुद्दा असा होता की कायरोप्रॅक्टिक हे ऑस्टिओपॅथीहून वेगळे, स्वतःचे तत्त्वज्ञान असलेले शास्त्र आहे. मोरिकुबो निर्दोष सुटला. तेव्हापासून ‘निदान’ न म्हणता ‘विश्लेषण’ म्हणणे, ‘उपचार’ न म्हणता ‘समायोजन’ म्हणणे आणि ‘रोग’ न म्हणता ‘सब्लक्सेशन’ म्हणणे, ही भाषा या व्यवसायाची ढाल झाली. पुढे १९७२ च्या कायद्याने अमेरिकेच्या वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेत हातांनी केलेल्या उपचाराचा खर्च मान्य झाला, पण तोही क्ष-किरणाने दाखविलेल्या सब्लक्सेशनपुरताच. क्ष-किरणाची अट २००० सालापासून गेली, शब्द राहिला. जो शब्द प्रथम तुरुंगातून सोडवितो आणि नंतर पैसे मिळवून देतो, तो केवळ पुराव्याच्या अभावी कोणी सहज टाकून देणार नाही, हे समजण्यासारखे आहे.

हा शब्द टाकून द्यावा असे म्हणणारे बाहेरचेच आहेत असे नाही. खुद्द या व्यवसायात आरंभापासून शुद्धवादी आणि मिश्रवादी असे दोन पक्ष राहिले आहेत. शुद्धवादी सब्लक्सेशनला धरून बसतात. मिश्रवादी व्यायाम, शुश्रूषा व इतर साधने स्वीकारून स्वतःस पाठदुखीचे तज्ज्ञ म्हणवितात. २००९ साली चार अमेरिकी अभ्यासकांनी, तेही याच व्यवसायातील, रोगकारणमीमांसेचे मान्य निकष लावून सब्लक्सेशनची परीक्षा केली आणि ते रोगाचे कारण असल्याचा पुरावा मिळत नाही असा निष्कर्ष काढला. १९९४ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या नियामक परिषदेनेही २०१० साली ही कल्पना ऐतिहासिक असून तिला चिकित्सेच्या संशोधनाचा आधार नाही असे जाहीर केले. घरातून झालेली ही टीका सर्वांत वजनदार मानावी लागेल.

आता मराठीकडे वळू. आपल्याकडे सांध्यांच्या दुखण्याचा विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात भग्नाचे काण्डभग्न आणि संधिमुक्त असे दोन भेद केले असून संधिमुक्ताचे उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त आणि तिर्यक्क्षिप्त असे सहा प्रकार सांगितले आहेत. आकुंचन-प्रसारण न होणे, तीव्र वेदना आणि स्पर्श सहन न होणे ही त्याची लक्षणे होत. चिकित्सेत आंछन, पीडन, संक्षेप व बंधन म्हणजे ओढणे, दाबणे, जुळविणे व बांधणे या क्रिया येतात. यातील प्रत्येक प्रकार डोळ्यांनी अथवा हातांनी पडताळून पाहता येण्याजोगा आहे. संधिमुक्त म्हणजे सब्लक्सेशनच, असे समीकरण मांडून कायरोप्रॅक्टिकला प्राचीन वंशावळ जोडण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळला पाहिजे. सुश्रुताची संज्ञा वैद्यकाच्या अर्थाशी जुळते, पामरच्या अर्थाशी नव्हे.

बोलीभाषेत या दुखण्यांसाठी क्रियापदांचे दोन स्वतंत्र कुल आढळतात. पहिल्या कुलास स्थानवाचक म्हणता येईल: सांधा निखळतो, मणका सरकतो, गादी सरकते, बेंबी सरकते; आणि मग कोणीतरी ती ‘बसवतो’. दुसरे कुल अवस्थावाचक आहे: मान अवघडते, पाठ आखडते, कंबर धरते, उसण भरते, चमक येते, पाय लचकतो, आणि मग उसण ‘जाते’, कंबर ‘सुटते’, अंग ‘मोकळे होते’.

या दोन कुलांतील व्याकरणाचा भेद पाहण्याजोगा आहे. ‘सरकणे’ या क्रियेस पूर्वीची एक योग्य जागा गृहीत धरावी लागते, आणि तिचा उतारा ‘बसवणे’ हे प्रयोजक क्रियापद होय. त्यास कर्ता लागतो. तो कर्ता रोगी नसतो, उपचारक असतो. याउलट ‘मोकळे होणे’, ‘सुटणे’, ‘जाणे’ ही अकर्मक क्रियापदे होत. कर्ता शरीरच आहे. शेकले, चोळले, चालले-फिरले, की अंग मोकळे होते. कोणी चोळून दिले तर त्याने मदत केली, एवढेच. पहिल्या कुलात दुखणे ही यंत्राची बिघडलेली जुळणी ठरते. दुसऱ्यात ती देहाची येणारी-जाणारी अवस्था ठरते.

पायाळू माणसाविषयीची आपली लोकसमजूत येथे उपयोगी पडते. पायांकडून जन्मलेल्या माणसाने पाठीस पाय लावला असता उसण जाते, असे महाराष्ट्रात सर्वत्र मानीत आले आहेत. ही समजूत शास्त्रीय नव्हे, हे सांगणे नकोच. परंतु तिची भाषा पाहा: उसण भरली होती, ती गेली. कोणता मणका कोठे होता याचा पायाळूने दावा केलेला नाही. तसेच हेही ध्यानात घ्यावे की कंबरेची अशी अचानक उद्भवलेली कळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप कमी होते. तिचे श्रेय त्या मधल्या काळात जो कोणी पाठीस हात वा पाय लावील त्यास मिळते. हे पायाळूस जितके लागू आहे तितकेच पदवीधरासही लागू आहे, आणि म्हणूनच तुलनात्मक चाचण्यांची गरज पडते.

त्या चाचण्या काय सांगतात? दीर्घकाळच्या कंबरदुखीवर मणक्यांच्या हस्तोपचाराविषयी २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनरवलोकनात ४७ चाचण्यांतील ९,२११ रुग्णांची माहिती एकत्र केली होती. निष्कर्ष असा की हा उपचार शिफारशीतील इतर उपचारांच्या तोडीचा परिणाम देतो. त्यांहून अधिक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही त्याची सशर्त शिफारस आहे. अर्थात हाताच्या कामाला मर्यादित का होईना, पण आधार आहे. ज्या दमा, कर्णरोग, तान्ह्या मुलांची पोटदुखी इत्यादींवर या पद्धतीचा उपयोग सांगितला जातो, त्यांच्याविषयी तसा विश्वसनीय आधार नाही. हात आणि सिद्धान्त यांची फारकत येथे पूर्ण होते: हाताला थोडे यश आहे, सिद्धान्ताला नाही.

उपचाराच्या वेळी जो ‘कट्ट’ असा आवाज येतो, तो ‘मणका बसल्याचा’ आहे अशी रोग्याची खात्री असते. मराठी भाषकाने यावर विश्वास ठेवण्याचे वास्तविक कारण नाही. आपण लहानपणापासून ‘बोटे मोडतो’. त्यात काही मोडत नाही हे सर्वांस माहीत आहे. सांधा ताणला असता त्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होते आणि आवाज त्या घटनेशी निगडित असतो, हे २०१५ साली चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने दाखविण्यात आले. बोटांच्या बाबतीत जी भाषा आपल्याला फसवीत नाही, ती पाठीच्या बाबतीत का फसविते? कारण ‘मोडणे’ हा प्रयोग आपण लाक्षणिक म्हणून ओळखतो, आणि ‘सरकणे’ हा मात्र वाच्यार्थाने घेतो.

हा दोष केवळ कायरोप्रॅक्टिकचा नाही. ‘गादी सरकली’ हे वाक्य अनेक नोंदणीकृत डॉक्टरांच्या तोंडीही असते. मणक्यांमधील चकती दोन्हीकडच्या हाडांस घट्ट जोडलेली असते. ती सरकत नाही, फुगते अथवा तिचा गर बाहेर येतो. २०१५ सालच्या एका पुनरवलोकनानुसार, ज्यांस कसलेही दुखणे नाही अशा विशीतील माणसांपैकी ३० टक्के आणि ऐंशीच्या वयातील ८४ टक्के माणसांत चकतीचा असा फुगवटा प्रतिमेत दिसतो. म्हणजे फुगवटा दिसला म्हणून तोच दुखण्याचे कारण ठरत नाही. परंतु हातात प्रतिमा आणि कानात ‘सरकली’ हा शब्द घेऊन रोगी बाहेर पडतो.

येथे असा आक्षेप संभवतो की शब्द कोणताही असो, रोग्यास बरे वाटले म्हणजे झाले. हा आक्षेप वरवर व्यवहारी वाटला तरी तो टिकत नाही. ज्यास आपला मणका सरकतो असे वाटते, तो वाकण्यास व उचलण्यास भितो. आणि दीर्घकाळच्या पाठदुखीत हालचालीचे भय हेच दुखणे लांबविणारे एक कारण आहे. ज्यास मणका ‘बसवून’ घ्यावा लागतो, तो पुनःपुन्हा बसवून घेण्यास येतो. आणि रोजावर पोट असणाऱ्यास हे परवडत नाही. सर्वांत गंभीर गोष्ट अशी की ‘मणका सरकला’ हे उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न विचारला जात नाही. आपल्या देशात मणक्याचा क्षय आहे. वृद्ध स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात. पायांतील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप व वजन घटणे ही लक्षणे तातडीच्या तपासणीची आहेत. अशा पाठीवर झटका देणे म्हणजे अनर्थ ओढवून घेणे होय. मानेवरील झटक्याने धमनीस इजा होऊन पक्षाघात होण्याचा धोकाही सांगितला जातो. तो विरळा आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील २००८ च्या अभ्यासात असे दिसले की अशा रोग्यांचे पक्षाघातापूर्वी कायरोप्रॅक्टरकडे जाणे व सामान्य डॉक्टरकडे जाणे या दोहोंचा पक्षाघाताशी सारखाच संबंध आढळतो. म्हणजे धमनीची इजा आधीच होऊन मान दुखू लागल्याने ते गेले असावेत. तरीही रोग्यास हे आधी सांगणे आवश्यकच आहे. आणि संमती ही शब्दांतूनच दिली-घेतली जाते.

टीकाकारांच्या भाषेचेही परीक्षण केले पाहिजे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायावर जो बहिष्कार घातला होता, तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरविणारा निकाल १९८७ साली लागला आणि १९९० साली अपिलात कायम झाला. ब्रिटनमध्ये सायमन सिंग या भारतीय वंशाच्या विज्ञानलेखकाने २००८ साली मुलांवरील कायरोप्रॅक्टिक उपचारांस ‘बोगस’ म्हटले, म्हणून तेथील कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने अब्रुनुकसानीचा दावा लावला. २००९ साली न्यायाधीशांनी त्या शब्दाचा अर्थ जाणूनबुजून केलेली अप्रामाणिकता असा लावला. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने ते पुराव्यासंबंधीचे मत ठरविले, आणि संघटनेने दावा मागे घेतला. ब्रिटनचा २०१३ चा अब्रुनुकसानी कायदा ज्या चळवळीतून आला तिला या खटल्याने मोठे बळ दिले. संपूर्ण वाद एका विशेषणाच्या अर्थावर चालला होता.

‘बोगस’ हा शब्द मराठीतही पूर्ण रुळला आहे, पण आपल्या वृत्तपत्रांतील ‘बोगस डॉक्टर’ म्हणजे नोंदणी नसलेला माणूस. म्हणजे नोंदणीहीन, निष्प्रभावी आणि लबाड हे तीन अर्थ एका शब्दात दाटीने बसले आहेत. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमाने नोंदणीवाचून वैद्यक करण्यास मनाई आहे. भौतिकोपचारासाठी २००२ च्या अधिनियमान्वये राज्य परिषद झाली. आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणला. कायरोप्रॅक्टिकसाठी मात्र स्वतंत्र नोंदवही नाही. तेव्हा येथील कायरोप्रॅक्टर कायद्याच्या दृष्टीने कोण, त्याचा हात उपयोगी आहे काय, आणि तो प्रामाणिक आहे काय, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरेही निरनिराळी येऊ शकतात. प्रामाणिक हाडवैद्य निष्प्रभावी असू शकतो. नोंदणीकृत डॉक्टर अप्रामाणिक असू शकतो. एका शिवीत तिन्ही उत्तरे देणारी टीका ही सब्लक्सेशनइतकीच ढोबळ आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने भौतिकोपचारतज्ज्ञांनी ‘डॉ.’ ही उपाधी लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. नावांच्या या झगड्यात हातांचे काम मागे पडते, हे पुन्हा एकवार दिसून आले.

आणि ते काम पुष्कळदा एकच असते. सांध्यास त्याच्या मर्यादेपाशी दिलेला लहान व वेगवान झटका हाडवैद्याकडे ‘बसवणे’, कायरोप्रॅक्टरकडे ‘अ‍ॅडजस्टमेंट’, ऑस्टिओपॅथकडे ‘मॅनिप्युलेशन’ आणि मेटलंड या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाची पद्धत शिकलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडे ‘पाचवी श्रेणी’ होतो. यांतील शेवटच्या नावात एक गुण आहे: ते केवळ कृतीचे मोजमाप सांगते, कारणाविषयी काहीही गृहीत धरीत नाही. वैद्यकीय परिभाषेकडून हीच अपेक्षा असावी.

मराठीत यासाठी नवी संज्ञा घडविण्याची आवश्यकता नाही. संस्कृत धातूंतून ‘उपसंधिच्युती’ सारखे भारदस्त पद बनविले तर उलट त्या कल्पनेस नसलेली प्रतिष्ठा मिळेल. आपल्या बोलीतील अवस्थावाचक कुल पुरेसे आहे. ‘तुमची पाठ आखडली आहे; हाताने थोडी मोकळी करू; बाकी ती तुमच्या चालण्या-फिरण्याने मोकळी होईल; अमुक लक्षण दिसले तर तातडीने मोठ्या रुग्णालयात जा’ ही वाक्ये द्वारकेच्या चौकातील कोणत्याही माणसास समजतील, आणि २०१९ च्या त्या ४७ चाचण्यांशी त्यांचा विरोध येणार नाही. ‘निखळणे’ हा शब्द जेथे सांधा खरोखर निखळला आहे तेथे राखून ठेवावा. ज्या संस्था या राज्यात भौतिकोपचार व वैद्यक शिकवितात, त्यांच्या अभ्यासक्रमांत रोग्याशी मराठीत कसे बोलावे याचा विचार होणार असेल, तर त्याचा आरंभ या दोन क्रियापदांपासून करता येईल. भाषाविभागांनीही परिभाषा म्हणजे केवळ नवे शब्द पाडणे असे न मानता, आधी असलेल्या शब्दांनी आपण काय गृहीत धरतो याची तपासणी हे आपले काम मानावे.